घोटे धरणारं माणूस

चेन्नईत एकट्या माणसाने व्यायामसुद्धा जपून निवडावा, सांगतो तुम्हाला. सकाळी पळताना माझ्या मांडीची मागची शीर दुखावली, म्हणून वेस्ट मांबलममधल्या एका फिजिओकडे जायला लागलो. दिव्या तिचं नाव. आधी दुखणं बरं करते, मग त्याच पायाकडून ताकदीचे व्यायाम करून घेते. त्यातला एक असा, की गुडघ्यांवर उभं राहून हळूहळू पुढे झुकायचं आणि मागून कुणीतरी आपले घोटे दाबून धरायचे.

"अंकल, घरी कोण धरेल?"

"बायको," मी बोलून गेलो. मालतीला जाऊन वर्ष झालं, हे काही तोंडातून निघेना.

घरी कॉटखाली घोटे अडकवले, तर कॉटच उचलली गेली आणि मी तोंडावर आपटलो. मग कॉटवर मालतीची साड्यांची ट्रंक ठेवली. कॉट तसूभर हलली नाही.

काल दिव्याने पाय तपासला आणि खूश झाली.

"सूपर, अंकल! आंटींची पकड जबरदस्त आहे. सोमवारी त्यांना घेऊनच या. पुढचा व्यायाम दोघांना मिळून शिकवते."

"आणतो," म्हटलं.

आता तुम्हीच सांगा, ऑटोत ट्रंक मावेल का?