तिसावी जागा

आजच्या समारंभाच्या आणि आपल्या क्लबच्याही अध्यक्षा माननीय मॉरीन क्लेटन. व्यासपीठावर विराजमान असलेले जिल्हा लीगचे सचिव आणि क्लबचे आजीव सभासद. आजचे सत्कारमूर्ती वॉरिक ऑल्डेकर आणि त्यांच्या पत्नी शेरिल. दुपारपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या नेटबॉल विभागाच्या भगिनी. आणि बारपासून हलायला तयार नसलेल्या, विराबिन फुटबॉल क्लबच्या तमाम आजी-माजी खेळाडूंनो, म्हणजे छातीवर टिटवीचं चित्र मिरवणाऱ्या टिटव्यांनो,

मॉरीनने मला पाच मिनिटं दिली आहेत. मी, लेस टिलब्रूक, या क्लबच्या निवड समितीचा अठ्ठावीस वर्षं प्रमुख होतो. हातात घड्याळ घेऊन लोकांना पळवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे पाच मिनिटं किती असतात ते मला कळतं. तरी आज थोडा वेळ जास्त घेणार आहे. मॉरीन, तू बोट दाखवू नकोस, मला दिसतंय.

वॉरिकबद्दल काय सांगू? इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी त्याला कधी ना कधी मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत. उरलेल्यांनी तोंडावर घातल्या आहेत. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे हंगामापूर्वीचा सराव, हे तेवीस वर्षं त्याचं राज्य. आपला भर उन्हाळा, बाहेर बेचाळीस अंश, उत्तरेचा तापलेला वारा, डोळ्यांत माश्या, आणि हा गृहस्थ धान्याच्या कोठारामागच्या वाळूच्या टेकडीवर पोरांना चढवतोय आणि उतरवतोय. एकदा शहरातून एक नवा खेळाडू आणला होता, पांढरेशुभ्र बूट घालून आलेला. सहाव्या फेरीला त्याने विचारलं, "अजून किती राहिलंय?" वॉरिक म्हणाला, "थोडंच." "थोडं म्हणजे किती?" "तू विचारायचा थांबशील तेवढं." तो मुलगा पुढे आपल्याकडे नऊ हंगाम खेळला. पण पहिल्याच संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "लेस, तुमच्याकडे तुरुंगातून माणसं आणतात का रे?"

पण कुणी वॉरिककडे तक्रार घेऊन गेलं, कुणी त्याची गाडी नेऊन ठोकली, कुणी त्याचा वाढदिवस विसरलं, तरी त्याचं उत्तर ठरलेलं. "हरकत नाही, गड्या." शेरिल मान हलवतेय बघा. तिला तर हे घरी रोज ऐकावं लागतं.

आता, मंडळी, सराव ही वॉरिकची बाजू झाली. माझी बाजू यादीची. लीगचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: मार्चअखेर प्रत्येक क्लबने सीनियर संघासाठी तीस नावं द्यायची. त्या हंगामात खेळायचं तर त्या तिसांतूनच. बाकीचे राखीव संघात. वाचायला सोपं वाटतं. पण बाराशे वस्तीच्या गावात तीस नावं निवडून बघा. ज्याला वगळाल तो तुमचा प्लंबर असतो, नाहीतर तुमच्या बायकोच्या मैत्रिणीचा मुलगा. एका वर्षी मला दोन महिने केस कापायला शेजारच्या गावी जावं लागलं होतं.

म्हणून मी एक प्रथा पाडली, आणि तिचा मला फार अभिमान होता. एकोणतीस नावं समितीने ठरवायची. तिसावी जागा घड्याळाची. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी दोन किलोमीटरची शर्यत, मैदानाभोवती पाच फेऱ्या. यादीत जे नक्की नाहीत त्यांच्यात जो सगळ्यात कमी वेळात येईल त्याचं नाव तिसावं. त्यात लेस नाही, समिती नाही, कुणाचा मामा नाही. सगळ्या गावाला ते पटलं.

दोन हजार एक साली त्या तिसाव्या जागेसाठी दोघे होते. एक वॉरिक, वय सव्वीस, तीन वर्षं राखीव संघात घाम गाळत होता. दुसरा माझ्या बहिणीचा मुलगा रसेल. रस, तू मागे बसला आहेस, तिथेच बस. तुझा यात काही दोष नाही, आणि ते मी पुन्हा सांगणार आहे.

मैदानावर सगळे एकदम मावत नाहीत म्हणून आपण तेव्हाही दोन गट करायचो. पहिल्या गटात रसेल. वेळ सात मिनिटं एकोणतीस सेकंद. दुसऱ्या गटात वॉरिक. सात चाळीस. अकरा सेकंदांचा फरक. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं. नंतर नेहमीप्रमाणे ब्रेडमध्ये सॉसेज-कांदा घालून खाल्ला.

त्याला सांगायचं काम माझंच होतं. त्याच्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर तो बूट काढत बसला होता. मी म्हटलं, "वॉरिक, यंदा नाही जमलं रे."

"किती कमी पडलो?"

"अकरा सेकंद."

त्याने काढलेल्या बुटातली माती झाडली. मग म्हणाला, "आज पाय जडच झाले होते, कशानं कोण जाणे. पण घड्याळ म्हणजे घड्याळ. हरकत नाही, गड्या."

पाय जड का झाले होते, ते आता मी सांगतो. ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही.

पहिला गट संपला तेव्हा गुणफलकाच्या कोपऱ्यात कुणीतरी स्प्रिंकलर सोडला होता. उन्हाने गवत जळत होतं, सोडणाऱ्याचं काही चुकलं नाही. मला वाटलं, ओल्यावरून पोरं घसरतील, हंगामाआधीच एखाद्याचा घोटा जाईल. वळणावर खुणेची नारिंगी टोपी होती, ती प्लास्टिकची शंकूसारखी, जिच्या बाहेरून वळसा घालून पळायचं. ती मी उचलली आणि स्प्रिंकलरच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला नेऊन ठेवली. माझ्याच हाताने. मग शिट्टी वाजवली, घड्याळ चालू केलं आणि दुसरा गट सोडला. टोपी हलली म्हणजे वाट लांबली, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला त्या क्षणी कळलं नाही. खरंच कळलं नाही, एवढ्यावर तरी विश्वास ठेवा.

सगळे गेल्यावर मी स्प्रिंकलर बंद करायला गेलो, आणि टोपी दिसली. मी तिथे पावलं टाकून मोजलं. प्रत्येक फेरीला सोळा मीटर जास्त. पाच फेऱ्यांचे ऐंशी मीटर. वॉरिकच्या वेगाने त्याचे अठरा सेकंद होतात.

म्हणजे तो अकरा सेकंदांनी हरला नव्हता. सातने जिंकला होता.

दुसऱ्या गटातले बाकीचे सगळे आधीच यादीत होते, त्यांना फरक पडत नव्हता. फरक एकाच माणसाला पडत होता. यादी लीगकडे जायला अजून महिना होता. मला फक्त फोन उचलायचा होता. मी तो उचलला नाही. का? रसेलने बातमी घरी सांगितली होती आणि माझी बहीण त्या वर्षी पहिल्यांदा हसली होती, तिचा नवरा जाऊन सहा महिने झाले होते. हे एक कारण. दुसरं कारण याहून हलकं आहे. लेस टिलब्रूकच्या घड्याळावर सगळ्या गावाचा विश्वास होता, आणि तो मला हवा होता. टोपी मामाने हलवली आणि जागा भाच्याला मिळाली, हे मी कुणाला कसं सांगणार होतो? म्हणून मी टोपी उचलून जागेवर ठेवली आणि घरी जाऊन जेवलो.

वॉरिक राखीव संघातच खेळला. जुलैमध्ये चिखलात त्याचा गुडघा फिरला आणि सगळा निकामी झाला. सीनियर संघाचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. सप्टेंबरात आपण अंतिम सामना जिंकलो, शेवटचा गोल रसेलने मारला. तो फोटो या भिंतीवर आहे. रस, तो गोल तुझा आहे. तुझ्या पायाने मारलास, त्यात कुणाची टोपी नव्हती. तू आज घरी जाऊन त्या फोटोचं काही करायला जाऊ नकोस, मी तुला ओळखतो.

आता लॉकरचं. आपल्याकडे एक सामना जरी सीनियर संघातून खेळला तरी नाव लॉकरच्या दारावर रंगवतात, आणि मुलाचं नाव बापाच्या नावाखाली येतं. बावीस नंबरच्या दारावर मर्व्ह ऑल्डेकर हे नाव आहे. त्याखाली कोरी जागा आहे. मर्व्ह दर शनिवारी गाडी कुंपणाला लावून काचेआडून सामना बघायचा आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवायचा. त्या वर्षी बारमध्ये कुणीतरी कुजबुजलं, "भाचा बरा सापडला लेसला." मर्व्हने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "माझा पोरगा अकरा सेकंदांनी मागे राहिला. लेसच्या घड्याळाला भाचे नसतात. पुन्हा असं बोलायचं नाही." मी चार हात अंतरावर उभा होतो. मी काय केलं असेल? मी त्याला बिअर पाजली.

मर्व्ह दोन हजार नऊमध्ये गेला. शेवटच्या हंगामापर्यंत हॉर्न वाजवत होता, रसेलच्या गोललासुद्धा. त्याच्या अंत्यविधीला मी शवपेटीला खांदा दिला. मी तो द्यायला नको होता.

आणि वॉरिक? गुडघा गेलेला माणूस क्लब सोडून गेला असता तर मला सोपं झालं असतं. तो पुढच्याच नोव्हेंबरात आला, हातात कुंपण मोजायचं चाक घेऊन. म्हणाला, "मला पळता येत नाही, पण पळवता येईल." तेव्हापासून दर फेब्रुवारीला शर्यतीची वाट तोच आखतो. चाक फिरवत एकदा मोजतो, टोप्या ठेवल्यावर पुन्हा मोजतो. दोन्ही गट पळत असताना हा गुणफलकाच्याच कोपऱ्यात उभा. त्या चाकाचा टक-टक आवाज मी तेवीस वर्षं ऐकतोय. तुम्ही म्हणायचात, वॉरिक किती काटेकोर आहे. मी पण म्हणायचो, हसून.

या फेब्रुवारीत मला राहवलं नाही. मी त्याच्याजवळ गेलो आणि थट्टेवारी नेल्यासारखं म्हटलं, "अरे, मैदान काय रात्रीतून वाढतं का? दोनदा कशाला मोजतोस?"

त्याने चाकावरून मान वर केली नाही. म्हणाला, "दुसऱ्या गटात पळणारी पोरंही आपलीच आहेत, लेस."

तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे. कधीपासून, ते मला माहीत नाही. कदाचित त्या फाळक्यावर बसला होता तेव्हापासून. कदाचित मर्व्हलाही माहीत होतं, हा विचार आला की मला झोप लागत नाही. या माणसाने मला तेवीस वर्षं दिली, आज ना उद्या लेस स्वतःहून बोलेल म्हणून. आणि मी त्याला दर डिसेंबरला नाताळची शुभेच्छापत्रं पाठवत राहिलो.

येत्या रविवारी वॉरिक आणि शेरिल समुद्राकाठी लेकीजवळ राहायला जाणार. म्हणजे आज बोललो नाही तर संपलंच. हे मी त्याच्या घरी जाऊन एकट्याला सांगू शकलो असतो. पण ते अकरा सेकंद सगळ्या गावाने ऐकले होते, तर हे सातही सगळ्या गावाने ऐकायला हवेत.

मी मॉरीनला विचारलं होतं, त्या बावीस नंबरच्या दारावर त्याचं नाव घालता येईल का. का विचारतोय ते सांगितलं नाही. ती म्हणाली, नियम एका सामन्याचा आहे. बरोबर आहे तिचं. तो नियम समितीत मीच पक्का करून घेतला होता. तो सामना मी त्याला आता कुठून आणून देऊ?

मॉरीन, संपवतो. स्वयंपाकघरातल्या भगिनींनी केलेल्या भाजलेल्या मटणाबद्दल आणि पावलोवा केकबद्दल त्यांचे आभार. माझं एवढं ऐकून घेतलंत त्याबद्दल तुमचेही आभार. माझं आजीव सभासदत्व ठेवायचं की काढायचं, ते समितीने माझ्याकडे न बघता ठरवावं.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणतात. मी दर वर्षी इथे उभा राहून म्हणत आलोय. आज ते तुम्हाला म्हणत नाही, कारण हे सांभाळून घेणं तुमच्या हातात नाही. कृपा करून टाळ्याही वाजवू नका. तुम्ही टाळ्या वाजवल्या की तो उठेल, हात पुढे करेल आणि त्याचं ते नेहमीचं म्हणेल, कारण तो तसाच आहे.

वॉरिक, मी चुकलो. तुझी जागा मी घेतली आणि तुझ्या बापाच्या तोंडून माझी बाजू मांडून घेतली. तू मला माफ करावंस असं मी मागत नाही. एवढंच मागतो की आज तरी 'हरकत नाही' म्हणू नकोस.

हरकत होती, गड्या. मी आता खाली बसतो.