सातवं पान

नाही हो मॅडम, एवढं सगळं घेऊन काय करणार — ही यादी केली कोणी? तुम्हीच? व्हिडिओ बघून? वाटलंच मला. त्या व्हिडिओवाल्यांचं काय जातंय, शंभर वस्तू सांगतात आणि त्यातल्या नव्वद डब्यात पडून राहतात. दुकानदार असून सांगतोय — हा पांढरा, भोकाभोकांचा ब्रेडबोर्ड एक घ्या, यात सोल्डरिंग न करता नुसत्या तारा खोचून सर्किट जोडता येतं. रेझिस्टर मूठभर. एलईडी दहा — दहा अशासाठी की पहिल्या दिवशी चार जाळणारच तुम्ही, सगळेच जाळतात, मीही जाळलेत. आणि एक साधा मल्टिमीटर. बास. शिवणकाम करता म्हणालात ना? मग हात स्थिर असणार तुमचा, अर्धं काम तिथेच झालं. मशीनचं पेडल बिघडतं आणि दुरुस्तीवाला आठ-आठ दिवस फिरकत नाही, म्हणून आता स्वतःच शिकणार — उत्तम. चिडून शिकायला लागलेला माणूस टिकतो, हौसेनं आलेला पंधरा दिवसांत पसार होतो, तीस वर्षं बघतोय मी या काउंटरवरून.

क्लास? क्लास कशाला लावताय? आज सगळं फुकट आहे. कॉलेजांची अख्खी व्याख्यानं नेटवर पडलीयेत, पहिल्या धड्यापासून बघा, मधूनच उडी मारू नका. संगणकावर खोटं सर्किट जोडायची सोय आहे, तिथे काहीही जाळा, धूर येत नाही. प्रत्येक पार्टचा माहितीचा कागद तो बनवणारी कंपनीच फुकट देते — सुरुवातीला डोक्यावरून जाईल, जाऊ दे, चित्रं बघायची. भंगारातून एखादा मेलेला रेडिओ आणा, सेलवर चालणारा, आणि उघडून बसा. आणि वाचनालय आहेच की. दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या कपाटात जुनी पुस्तकं आहेत, छान आहेत. तिथे टेबलापाशी चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई बसतात, त्या काढून देतील. माझी ताई ती, थोरली बहीण. पण तिच्याकडे माझं नाव काढू नका. भांडण नाही हो — भांडण असतं तर बरं होतं. दर रविवारी फोन करते मला. जेवलास का विचारते, गुडघा कसा आहे विचारते, आणि ठेवते.

काय? तिथूनच आलात? हां, बोर्डावर पत्ता लावलाय ना त्यांनी दुकानाचा, बरेच येतात तसे. नाही, थांबा, तुमचं नंतर, आधी माझं ऐका, नाहीतर विसरेन — विसरत नाही मी, पण ऐका. फुकटातलं सगळं घ्या, एक सोडून. नेटवर अकरा पानांची एक फाइल फिरते. हातानं लिहिलेली, सुबक आकृत्या काढलेली, एकेक पायरी नंबर घालून, नवशिक्यांसाठी. मिळाली तर उतरवून घेऊ नका. घेतली तरी सातवं पान फाडून टाका. कुणीतरी लिहिली होती चांगल्या मनानं — असाच एक दुरुस्तीवाला, त्याला वाटलं आपल्याला कुणी शिकवलं नाही, मार खात शिकलो, तर पुढच्यांना तरी सोपं करून द्यावं. चांगली आहे हो फाइल, उगाच नावं ठेवत नाही. तेवढं सातवं पान सोडून. त्यावर आहे — जुन्या वस्तू उघडा आणि आतून बघा. रेडिओ, घड्याळ, पंखा, मायक्रोवेव्ह. आणि खाली पायऱ्या. एक, प्लग काढा. दोन, वायरीची घडी घालून तिला रबर लावा, म्हणजे चुकून कुणी प्लग लावणार नाही. तीन, आता निर्धास्त उघडा.

निर्धास्त. हा शब्द आहे त्यात. तुम्हाला त्यात काही चूक दिसते का? नाही ना दिसत? कुणालाच दिसत नाही. हे बघा, हा कपॅसिटर. टाकी असते तशी वस्तू, नळ बंद केला तरी आत भरलेलं तसंच राहतं. हा एवढासा आहे, याचं काही नाही. मायक्रोवेव्हमधला मुठीएवढा असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात माणूस जाईल इतकं उरलेलं असू शकतं. त्याला आधी रिकामा करायचा, मग आत हात घालायचा. नवशिक्यानं तर मायक्रोवेव्ह उघडायचाच नाही, कुणी ढीग सांगो. आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गोष्ट लिहिली कशी नाही त्यानं? अहो, माहीत नव्हती म्हणून नाही. माहीत होती म्हणूनच. तीस वर्षं झाकण उघडलं की हात आपोआप आधी तिकडेच जातो, ग्राहकाशी बोलता बोलता, चहा पिता पिता कपॅसिटर रिकामा होऊन जातो. हातानं करून टाकलेलं डोक्यापर्यंत पोचतच नाही. लिहायला बसलो तेव्हा मी आठवून आठवून पायऱ्या लिहिल्या, वायरीला रबर लावायचंसुद्धा आठवलं, आणि ही —

हो. मीच. कळलंच असेल तुम्हाला, अक्षर इथे सगळ्या डब्यांवर आहेच.

काढून टाकली मी फाइल, त्याच आठवड्यात. उपयोग नाही. आमच्या धंद्यात दिलेला पार्ट परत घेता येतो, हे परत घेता येत नाही. कुणीतरी उतरवून ठेवलेली असते, तो दुसऱ्याला पाठवतो, दुसरा तिसऱ्या ठिकाणी चढवतो — कालच एकानं फोनवर दाखवली, काका, किती सोपं लिहिलंय बघा कुणीतरी. रोज सकाळी शटर उघडण्याआधी मी शोधत बसतो, जिथे दिसेल तिथे लिहितो की बाबांनो, हे पान चुकीचं आहे, काढा. कुणी काढतं, कुणी विचारतं, तुम्ही कोण सांगणारे?

भावोजींनी ती नेटवरून घेतली नव्हती. मीच छापून दिली, माझ्या हातानं. ताईचे यजमान हो, गणिताचे मास्तर. निवृत्त झाले आणि घरात त्यांचा जीव रमेना, ताईच्या स्वयंपाकाला मार्क द्यायला लागले, म्हणून ताईच म्हणाली, यांना तुझं काहीतरी शिकव रे. इतके मन लावून शिकले सांगतो. जन्मभर वह्या तपासलेला माणूस, लाल पेन खिशाला असायचंच — बाजाराच्या यादीवरसुद्धा प्रत्येक वस्तू पिशवीत पडली की बरोबरची खूण. माझ्या पायऱ्यांवरही तसंच. पायरी करायची, खूण करायची, खाली तारीख घालायची, मगच पुढची पायरी. मला वाटतं माझ्या आयुष्यात माझं लिहिलेलं इतकं नीट कुणी वाचलं नाही.

ताईचा फोन आला तेव्हा मी इथेच बसलो होतो, दुपारचीच वेळ, अशीच. पळत गेलो. ती शेजाऱ्यांना बोलवायला खाली धावली होती, आत मी एकटा. काही उरलं नव्हतं करण्यासारखं. आणि टेबलावर उघडलेला मायक्रोवेव्ह, शेजारी त्याची वायर. घडी घातलेली, मधोमध रबर लावलेलं, पायरी क्रमांक दोन, जशीच्या तशी. मी — ते रबर मी काढलं. का काढलं विचारू नका. काढलं आणि खिशात टाकलं, वायर मोकळी केली. तेवढ्यात ताई आत आली आणि म्हणाली, प्लग तसाच राहिला होता का रे? मी म्हणालो, हो.

एक अक्षर आहे, मॅडम. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, पोलिसांनाही. सगळे म्हणाले, वय झालं की होतं असं. कधीच काही न विसरलेल्या माणसाला मी विसराळू करून टाकलं. ताई दर रविवारी विचारायची, ते विसरले कसे रे? दाराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस, प्लग विसरला कसा? पाच वर्षं. मी म्हणायचो, होतं ताई. मग गेल्या वर्षी विचारायची थांबली ती. मला वाटलं, चला, सुटली बिचारी त्यातून. रबर त्या खणात आहे अजून. कडक होऊन तुटलंय.

पाणी घ्या. तुम्हाला उगाच — कुणालाच सांगितलेलं नाही मी हे, आणि तुमची चार रेझिस्टरची खरेदी. त्या पानाचा ताईला पत्ता नाही. तो गठ्ठा मी घरभर शोधला होता दिवस झाल्यावर, आवरायच्या निमित्तानं. सापडला नाही, रद्दीत गेला असणार.

काय काढताय? नाही, फोटो नको फोनमधला, मला — हे कागद आहेत. ही फाइल कुठली? कुणी दिली तुम्हाला?

टेबलावरच्या बाईंनी?

बघू. उलटा पानं. पहिल्या पानावर खुणा आहेत, हो. लाल. पाचवं. सहावं. हे सातवं. एक, प्लग काढा — खूण. दोन, घडी आणि रबर — खूण. तारीख. त्याच दिवसाची आहे तारीख. तिसऱ्या पायरीपुढे कोरं आहे.

काय म्हणाल्या त्या? मघाशी सांगत होतात तेच ना, मीच बोलू दिलं नाही. नीट सांगा, त्यांच्याच शब्दांत. 'त्या दुकानात जा आणि सातव्या पानावर काय राहिलंय ते त्याला विचारा.' एवढंच? चेहरा कसा होता? चिडून म्हणाली का? हसून? 'आधीचे सगळे न विचारताच फाइल परत घेऊन आले' असंही म्हणाली? म्हणजे तुम्ही पहिल्या नाही. बोर्डावरून येत नव्हते ते सगळे, वर्षभर. तीच पाठवत होती एकेकाला. आणि मी प्रत्येकाला बोलूच न देता ब्रेडबोर्ड दाखवत बसलो.

पेन द्या ते. लाल नको, निळं. दोन आणि तीनच्या मध्ये लिहितो — कपॅसिटर रिकामा करा, आणि मायक्रोवेव्ह खोडतो यादीतून. हं. आणि खाली, समासात — प्लग काढलेला होता.

नाही, तुमच्या हाती देत नाही. वाचनालय किती वाजता बंद होतं? सहाला? मग व्हा पुढे. सामान राहू दे, उद्या या. उठा मॅडम, मला शटर ओढायचंय.