पोरीसाठी घेतलेलं घर

रामधन : सोमवारपासून भावसिंगचे दोघं पोट्टे बी इथंच येतीन राहाले. मी हो म्हणून टाकलं.

बबिता : बा, मले इचारलं तरी असतं.

रामधन : इचाराचं काय त्यात? भावसिंग माह्या मावशीचा पोरगा. औंदा बोंडअळीनं त्याचं सारं वावर खाल्लं. पोट्ट्यायचं नाव यवतमाळात टाकलं, आन खोली कराची ऐपत नाई. भावाचं घर असतांनी तो कोणाच्या दारात जाईन?

बबिता : लखनकाकाचे दोघं हायेतच. आत्याचा एक. आता हे.

जमनी : राहू दे ना वं. घर भरलेलं बरं. तांड्यावर आमा मायबापाले घोर नाई, का पोरगी एकटी हाये म्हणून.

बबिता : याडी, तू दिवाळी झाली का येतं. मी पाहुणीसारखं जेवू घालते तुले. रोजचं कुठं पाह्यलं तू? सकाळी साऱ्यायच्या भाकरी, मंग डबे, मंग धुणं. कॉलेजातून आली का परत चूल. मीठ कमी पडलं तं काकाचा थोरला ताट सरकवते.

रामधन : त्याचे कान उपटतो मी!

बबिता : उद्या तुमी दारव्ह्याच्या गाडीत बसान. परवा कोण उपटीन?

रामधन : पोरी, हे घर कसं घेतलं, ठाऊक हाये ना? वावर सामाईक होतं. लखननं सही देली म्हणून इकता आलं. तवा तो एकच बोलला. दादा, तुही बबिता शिकली का तिच्या मांगं माहे पोट्टे बी शिकतीन. त्याले आता कोण्या तोंडानं सांगू?

बबिता : काकाले काही नोका सांगू. पोट्टे राहू द्या. मलेच इथून काढा. होस्टेलात टाका.

जमनी : अवं बाप्पा! सोताचं घर सोडून?

रामधन : तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसून सांगतलं मी, माही पोरगी भाड्याच्या खोलीत नाई, बापाच्या घरात राह्यते. आता काय सांगू, घर पोट्ट्यायले देलं आन पोरगी बाहीर?

बबिता : घोर करू नोका. भेटलंच नाई. मांगच्या महिन्यात जाऊन आली मी. तिथल्या म्याडमनं इचारलं, बापाचं घर हाये का गावात? मी खरं सांगतलं. त्या म्हणे, मंग तुले कायले पायजे खोली?

जमनी : आमाले न सांगता गेलती?

बबिता : सांगून काय झालं असतं, याडी? आन अजून एक हाये. केमिस्ट्रीत उडाली मी.

रामधन : उडाली? तू? अभ्यास काहून नाई केला? मांगची खोली तुह्यासाठीच तं ठेवली होती.

बबिता : तिथं पोट्टे झोपतात. पंखा त्याच खोलीत हाये. मी न्हाणीत वाचते, बादली पालथी घालून. साऱ्या घरात तेवढ्याच दाराले आतून कडी हाये.



जमनी : मी राह्यते इथं. भाकरी मी थापते.

बबिता : आन तांड्यावर आजीले कोण उठवीन-बसवीन? तुह्याबिगर ती कोणाच्या हातचं पाणी बी घेत नाई.

जमनी : मंग तुहं काय व्हावं, बाई?

रामधन : मी… भावसिंगले नाई म्हणून पाह्यतो.

बबिता : म्हणान?

रामधन : त्यानं पोट्ट्यायले नवे कपडे शिवले. साऱ्या तांड्यात सांगतलं, रामधनदादानं जागा देली म्हणून. आता त्याच्यासमोर माह्या तोंडून निंगन का नाई, मलेच ठाऊक नाई.

बबिता : नाई निंगणार, बा. माह्या बी नाई निंगालं कधी.

जमनी : दार वाजलं. पोट्टे आले वाटते.

रामधन : बबिता, मी असं करतो. बाजारातून कडी आणतो. मांगच्या खोलीले आतून लावतो. आजच लावतो. मंग ती खोली तुही एकलीची.

बबिता : आन ते कुठं झोपतीन?

रामधन : झोपतीन… पाहू कुठं तरी.

बबिता : बसा तुमी. तवा तापला. पयली भाकर तुमाले वाढते.