एकच ठेका, दहा गाणारे

आमच्या तात्यांनी रेगे, म्हणजे ते जमैकाचं संगीत, कसं ऐकलं, ते सांगितलं का तुम्हाला? हे माझे काका जाखडीच्या नाचाला जन्मभर ढोलकी वाजवत आले. परवा रत्नागिरीहून राजापूरला जाताना मी गाडीत रेगेचा अल्बम लावला. तिसऱ्या गाण्याला तात्या म्हणाले, "मेल्या, तुझा टेप अडकला! मघापासून तेच वाजतंय."

"तात्या, गाणी वेगळी आहेत. ठेका एकच, त्यावर गाणारे दहा. त्यांच्यात तशी पद्धतच आहे."

तात्यांची बोटं मांडीवर ठेका धरून होती. मला वाटलं, आवडलं बहुतेक. दहावं गाणं संपलं, तसा त्यांनी उसासा टाकला.

"दहा शाहीर गाऊन घरी गेले रे," ते म्हणाले, "पण त्या वाजवणाऱ्याला कुणी चहा विचारला काय?"