मूठभर गार मणी

नको नको, पाणी नको, बसत पण नाही मॅडम — एवढं द्यायचं आणि निघायचं. तुमच्या लॉकरमधलं सामान आहे, स्वेटर, डबा, ती वही. गेटवरच्या माणसानं माझ्याच हातात कोंबलं, म्हणाला, मुकादम, तुम्ही त्याच बाजूला राहता ना. राहतो कुठला, मी पार दुसऱ्या टोकाला. पण घेतलं. — सासूबाई झोपल्यात का आत? हळू बोलतो मग. सगळे विचारतात हो तुमच्याबद्दल. म्हणजे — विचारत नाहीत, खोटं कशाला बोलू. तुमच्या खुर्चीवर आता दुसराच बसतो, आणि जाणारा येणारा मान खाली घालून जातो.

मला एक कळत नाही, चौकशीवाल्यांनी तुम्हालाच दोषी धरून घरी कसं बसवलं? का तर म्हणे गॅस सुकवायचा तो ड्रायर तापवताना तुम्ही घाई केलीत, म्हणून आतले मणी फुटले, भुगा झाला, गॅसमधलं पाणी शोषायचं राहिलं आणि पुढे त्या थंड भागात बर्फ होऊन नळ्या तुंबल्या. अकरा दिवस रिफायनरीचं ते युनिट बंद! आता नऊ वर्षं तुम्ही ते ड्रायर तापवताय, कधी फुटले मणी? नाही फुटले. मण्यांचं मला विचारा ना, आमचीच टोळी भरते ते. दिसायला एवढे एवढे, वाटाण्यासारखे, पण तहान अशी की हवेतलं पाणीसुद्धा पिऊन टाकतात. म्हणून तर ड्रम सीलबंद येतात — एक उघडायचा, ओतायचा, मग दुसरा. ते आधीच भिजलेले असले ना, तर तुम्ही कितीही बेतानं तापवा, फुटणारच. — नाही, म्हणजे, असले तर म्हणतोय. मी कुठे म्हटलं भिजले होते?

बसतो जरा. — यंदा नवे मणी आले तेव्हा दोन ड्रायर भरायचे होते, एक माझ्या टोळीनं, एक माझ्या साडूच्या. साडू कसा आहे तुम्हाला माहीतच आहे, घरी जेवायला बसला तरी स्वतःचंच कौतुक. म्हटलं, यंदा दाखवतोच. आदल्या संध्याकाळीच माझ्या चाळीसही ड्रमची झाकणं काढून ठेवली — सकाळी नुसतं ओतत सुटायचं. आणि सकाळी क्रेन बिघडली. दुपारी येईल, उद्या येईल — तीन दिवस, ताई. हवा अशी दमट की वाळत घातलेले कपडे वाळेनात. झाकणं परत का नाही लावली? लावताना कुणी पाहिलं असतं, विचारलं असतं, मुळात काढलीच का.

तिसऱ्या दिवशी मूठभर मणी घेतले, वरून पाणी ओतलं. कोरडा मणी असला तर पाणी पिताना तापतो, चटका बसतो, मूठ धरवत नाही. मी धरून उभाच. काही नाही. गार. दुसऱ्या ड्रममधले घेतले, तेही गार. मग हात पँटला पुसला आणि ओरडलो, चला रे, उचला! साडूच्या आधी चार तास संपवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली — तुम्हीही होतात की तिथे, टाळ्या वाजवल्यात. साडूनं भरलेला ड्रायर अजून ठणठणीत आहे. तोही तुम्हीच तापवलात ना? तसाच, तेवढ्याच वेळात. हे चौकशीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या आलं.

असं बघू नका ना. घाला शिव्या हव्या तर. सांगणारच होतो मी, रोज ठरवतो — पण त्यांनी मला विचारलं काय, तर ड्रम किती भरले. म्हटलं चाळीस. चाळीसच होते, खोटं नाही बोललो. उद्या सांगतो. उद्या नक्की, पहिल्या पाळीला — कुठे निघालात? ताई, चपला कशाला घालताय? साहेब आता जेवायला बसले असतील, असं दारात जाऊन — बरं. बरं, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच मागून. — पळून नाही जात हो. बाही सोडा माझी. — बरं, नका सोडू.