नियमाप्रमाणे धूळ

मास्तर नळाची तक्रार घेऊन रांगेत उभे होते, पण कान सगळे पुढच्या बाईंकडे लागले होते. खिडकीतला कारकून त्यांचा अर्ज वाचत होता.

"बेवारस गाडी उचलायची आहे म्हणता?"

"हो ना. चार वर्षं फाटकासमोर रस्त्यावर उभी आहे. यांना दवाखान्यात न्यायचं तर टॅक्सी दाराशी लागत नाही."

"विमा आहे का तिचा?"

"मला काय ठाऊक? गाडी माझी थोडीच आहे!"

"बरं. धूळ किती साचलीय?"

"धूळ? छे! रोज सकाळी मी पुसते ना."

"तुम्ही पुसता? मग ती बेवारस कशी, बाई? नियमात धूळ लागते."

"अहो, दारात घाण बरी दिसते का?"

"मालक कोण?"

"आमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. चावी हातात ठेवली आणि म्हणाले, ताई, दोन दिवसांत येतो."

"म्हणजे चावी तुमच्याकडे, पुसता तुम्ही. गाडी सांभाळणाऱ्या तुम्हीच झालात की!"

"मग ही तक्रार माझ्याच विरुद्ध झाली?"

"तसंच काहीसं. असं करा, तीन महिने तिला हात लावू नका. चांगली धूळ बसली की या."

बाईंनी अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मास्तरांना आपली तक्रार काय होती, तेच आठवेना.

"साहेब, पण मधेच ते आले तर? म्हणतील, ताईंच्या भरवशावर ठेवली आणि ताईंनी गाडीची काय दशा केली!"