शुक्रवारचं राष्ट्रगीत

दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. माझ्या शेजारी एक आजी गाल धरून बसल्या होत्या आणि त्यांची मुलगी पिशवी सांभाळत होती.

“आई, शुक्रवारी पिल्लू शाळेत इथलं राष्ट्रगीत म्हणणार आहे. बाबांना सांगू नकोस.”

“का गं?”

“जन्मभर फौजेत होते ते. नातू परक्या देशाचं गातोय म्हटल्यावर जिवाला लागेल त्यांच्या. आपलं तर त्याला एक ओळ येत नाही.”

“येते आता.”

“कधीपासून?”

“परवापासून. तू कामाला गेलीस की दोघांची तालीम चालते. आधी पिल्लूनंच त्यांना इथलं गाऊन दाखवलं.”

“मग? रागावले?”

“रागावले ना. तो सोफ्यावर लोळत गात होता. म्हणाले, कुठल्याही देशाचं असू दे, आधी सरळ उभा राहा.”

“एवढंच?”

“मग अर्थ विचारला. तो सांगत गेला, हे ऐकत गेले. म्हणाले, या लोकांचाही स्वतःच्या मातीवर आपल्याइतकाच जीव दिसतोय. आणि लगेच आपलं शिकवायला घेतलं.”

“आणि मी इथे आठवडाभर झोपले नाहीये.”

“मला विचारायचंस तरी. दाढ दुखतेय, बोलती बंद झालेली नाही.”

“बरं, मग शुक्रवारी बाबांसाठी पुढची खुर्ची धरून ठेवते.”

“खुर्ची कशाला? नातू राष्ट्रगीत म्हणणार, ते उभेच असतील.”